जन्म तिथला, नोंद इथली : ८७वे स्तोत्र आणि मराठी ख्रिस्ती माणसाचे 'वतन'

१/ ज्या राज्यांशी पिढ्यान्‌पिढ्या वैर आहे, त्याच राज्यांतील माणसांची नावे आपल्या पवित्र नगराच्या जन्मनोंदीत लिहिली जावीत, असे कोणता कवी म्हणेल? बायबलच्या स्तोत्रसंहितेतील ८७व्या स्तोत्राचा कवी म्हणतो. अवघ्या सात ओव्यांएवढ्या या रचनेचा आणि मराठी मुलखाचा संबंध काय, हे आजच्या धाग्यात पाहू.

२/ आधी स्तोत्र. ते कोरहाच्या पुत्रांच्या नावावर आहे. हे जेरुसलेमच्या मंदिरातील गायकांचे घराणे. आरंभी सियोनचे, म्हणजे जेरुसलेमचे गुणगान आहे : देवाने पवित्र डोंगरावर वसवलेले, त्याला सर्वांत प्रिय असलेले नगर. इथवर यात नवे काही नाही. आपल्याकडच्या कोणत्याही क्षेत्रमाहात्म्यात असा आरंभ सापडेल.

३/ पुढे मात्र अनपेक्षित नावे येतात. राहाब, बाबेल, पलेशेथ, सोर, कूश. राहाब हे मूळचे सागरी राक्षसाचे नाव; इथे ते इजिप्तसाठी आले आहे. इजिप्त म्हणजे जुनी गुलामगिरी. बाबेल म्हणजे इ.स.पू. ५८६च्या सुमारास जेरुसलेम उद्ध्वस्त करणारे राज्य. पलेशेथ शेजारचे हाडवैरी, सोर हे धनाढ्य व्यापारी बंदर, कूश हा नाईलच्या वरच्या अंगाचा दूरदेश.

४/ या प्रत्येकाविषयी स्तोत्र सांगते की त्याचा जन्म सियोनातलाच मानावा. देव स्वतः लेखणी घेऊन राष्ट्रांची मोजदाद करतो आणि प्रत्येक नावापुढे 'जन्मस्थान' या रकान्यात सियोन लिहितो. शेवटच्या ओळीत गाणारे आणि नाचणारे म्हणतात की आमचे सारे झरे या नगरातच आहेत.

५/ स्तोत्राच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ज्या जगात ते गायले गेले, तिथे नोंदवहीचे वजन किती होते हे ठाऊक आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची यादी एज्राच्या पुस्तकात आहे. तीत काही याजक घराण्यांना आपली वंशावळ सापडली नाही, म्हणून त्यांना अपवित्र ठरवून याजकपणातून वगळले गेले. नोंद नाही तर अधिकार नाही.

६/ एकाच ग्रंथात अशा दोन नोंदवह्या आहेत. एक कुळ तपासते आणि माणूस वगळते. दुसरी परक्यालाही 'इथलाच' म्हणते. शिवाय दुसऱ्या वहीत बाबेलचे 'बाबेल' हे नाव खोडलेले नाही. मूळ नाव तसेच ठेवून त्यापुढे नवा जन्म लिहिला आहे. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचेच काम पडणार आहे.

७/ नोंदवहीचे हे गणित मराठी वाचकाला परके वाटू नये. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. यात्रेकरूने आडनाव, गाव आणि जात सांगितली की पणजोबांची सही असलेले पान निघते. पवित्र नगरात आपले नाव लिहिलेले असणे म्हणजे काय, हे त्या क्षणी कळते. अर्थात, या वह्यांत नाव लागते ते बापाच्या वंशाने.

८/ दुसरे नाते माहेरचे. वारकरी संतांनी पंढरीला माहेर म्हटले, आणि पुरुष संतांनीही म्हटले. सासरी बाईचे नाव बदलते, कुळ बदलते. माहेरी मात्र ती जन्मलेलीच असते, ते कुणी पुसू शकत नाही. ८७व्या स्तोत्रातील सियोन हे नेमके असे माहेर आहे. पुढे प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात वरच्या जेरुसलेमला 'आई' म्हटले, तेही याच वळणाचे.

९/ माझा जिल्हा धाराशिव. तुळजापूरमुळे पवित्र नगर म्हणजे काय हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आणि तेर हे गोरा कुंभारांचे गाव. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले आणि विठ्ठलाच्या सर्वांत लाडक्या नामदेवांनाच कच्चे मडके ठरवले, ही कथा सर्वश्रुत आहे. जवळिकीचा दावा आणि खरे आपलेपण यांतील फरक सांगायला इथे एक कुंभार पुढे आला.

१०/ तेरचे प्राचीन नाव तगर. इ.स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात ते येते : पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर, जिथले कापड भडोच बंदराकडे जाई. तिथून जहाजे तांबड्या समुद्रातून इजिप्तकडे जात. म्हणजे स्तोत्रात जिला राहाब म्हटले, ती भूमी तेरच्या व्यापारवाटेच्या दुसऱ्या टोकाला होती. जग दूर होते, पण अनोळखी नव्हते.

११/ तरीही पवित्र नगराचे दार सर्वांना उघडे नव्हते. चोखामेळ्यांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीपाशी आहे, आत नाही. ज्या नगराला ते माहेर मानत, त्याच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना मे १९४७मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. मधल्या सहा शतकांत किती पिढ्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या असतील!

१२/ आता एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती माणसाकडे वळू. त्याचा प्रश्न दुहेरी होता. बाप्तिस्मा घेतला की जातीच्या वहीतून नाव कटे. नवी वही परक्या मिशनऱ्यांच्या हाती. मग 'तुझा जन्म कुठला?' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे?

१३/ १८४३चे मुंबईतील शेषाद्री प्रकरण पाहा. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. त्याचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने श्रीपतला त्यांच्या ताब्यात दिले. खरा वाद त्यानंतर पेटला.

१४/ मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या, जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे कसे? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे अशी बाजू घेतली. सनातनी मंडळींनी त्यांना कडाडून विरोध केला. एका कोवळ्या मुलाचे नाव वहीत ठेवायचे की नाही, यावर सारे शहर भांडत होते.

१५/ १८५०मध्ये सरकारने कायदा केला : धर्म सोडल्याने किंवा जात गेल्याने कुणाचा वारसाहक्क जाणार नाही. इतिहासाच्या पुस्तकात हा एक ओळीचा मजकूर असतो. पण असा कायदा करावा लागला, यातच धर्मांतराची किंमत दिसते. तोवर घर, जमीन आणि नाव ही तिन्ही एकाच वहीत बांधलेली होती.

१६/ थोरल्या नारायण शेषाद्रींची कथा पुढे मराठवाड्यात येते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून ते निजामाच्या राज्यात, जालन्याला गेले. तिथे त्यांच्याकडे आलेल्यांत मांग समाजातील माणसे मोठ्या संख्येने होती. सालारजंगांच्या दिवाणगिरीत निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती वस्ती वसवली. तिचे नाव ठेवले बेथेल.

१७/ बेथेल म्हणजे देवाचे घर. हे नाव उत्पत्तीच्या पुस्तकातून आले. घर सोडून पळालेला याकोब उघड्यावर, दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते, आणि तो लूज या जागेला बेथेल म्हणू लागतो. निराश्रिताच्या मुक्कामाला देवाचे घर म्हणणे, आणि ते नाव गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसांच्या वस्तीला देणे, ही निवड अर्थपूर्ण आहे.

१८/ याच शेषाद्रींनी १८७३मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत भाषण केले, ते डोक्याला पागोटे बांधूनच. जगभरच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांपुढे उभे राहताना आपला जन्म लपवण्याची त्यांना गरज वाटली नाही. बाबेलचे नाव न खोडता सियोनात लिहिलेली नोंद अशी दिसत असावी.

१९/ पंडिता रमाबाईंची वाट वेगळी. गंगामूळच्या अरण्यातील आश्रमात १८५८मध्ये जन्म. आईवडिलांबरोबर लहानपणापासून तीर्थामागून तीर्थ पायी. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. देशातील पवित्र नगरे इतक्या जवळून पाहिलेली मराठी व्यक्ती त्या काळात विरळाच. १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

२०/ परंतु त्यांनी आपले मन इंग्लंडच्या स्वाधीन केले नाही. धर्माधिकाराच्या प्रश्नावर त्या वाँटेजच्या भगिनींशी सडेतोड वाद घालत राहिल्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त मुली आणि विधवांना आसरा दिला. आणि अखेरची अनेक वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२२मध्ये त्या गेल्या. ते बायबल १९२४मध्ये छापून आले.

२१/ या भाषांतराचा अर्थ ध्यानात घ्यावा. ज्या बाईला वेदाधिकार नाही असे शास्त्र सांगत होते, तिने मूळ हिब्रूतून स्तोत्रसंहिता मराठीत आणली. सियोनच्या नोंदवहीचे पान तिने स्वतः वाचले, मिशनऱ्यांच्या तोंडून ऐकले नाही. आणि ते अशा मराठीत लिहिले, की केडगावच्या नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या मुलीलाही वाचता यावे.

२२/ रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची त्यामुळे ताटातूट झाली. पुढे त्या नगरला आल्या, हळूहळू जातिभेद मनातून गेला, आणि १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मधील ती वर्षे वाचताना जाणवते की माणसाचे नाव एका वहीतून दुसरीत जाते, तेव्हा मधल्या काळात ते कुठेच नसते.

२३/ आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानत. त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, कीर्तने केली. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्तभक्त म्हणून येऊ शकत. पाळकाच्या रजिस्टरापेक्षा मोठी एखादी वही असली पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. १९१९मध्ये ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. प्रश्न मात्र राहिला.

२४/ कारण चर्चच्या वहीतही जात शिरली होती. कित्येक ठिकाणी बाकांवर, सोयरिकींत, दफनभूमीत जुन्या रेषा टिकल्या. पवित्र नगरात सर्वांचा जन्म एकच मानणारे स्तोत्र रविवारी गायचे आणि सोमवारी सोयरीक जुळवताना मूळ जात विचारायची, हा विरोधाभास मराठी ख्रिस्ती समाजाने स्वतःही वेळोवेळी बोलून दाखवला आहे.

२५/ खुद्द सियोनचा दाखला तर फारच बोलका. कोकणातील बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. ते इस्राएलला गेल्यावर १९६०च्या दशकाच्या आरंभी तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या विवाहापूर्वी पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश दिले. मराठी ज्यूंनी आंदोलन केले. १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला आणि निर्देशांतून त्यांचा वेगळा उल्लेख वगळला गेला. एज्राची वही अजून मिटलेली नव्हती.

२६/ आता 'वतन' या शब्दाकडे येऊ. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. मराठी गावगाड्यात वतन म्हणजे वंशपरंपरेने आलेला हक्क आणि त्याबरोबरचे काम. पाटलासाठी ते मान होते. महार-मांगांसाठी जन्माने गळ्यात पडलेली राबणूक. आमच्याच जिल्ह्यात, कसबे तडवळे येथे, फेब्रुवारी १९४१मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. जन्माची नोंद बेडी कशी होते, हे त्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नसेल.

२७/ तेच स्तोत्रातील झऱ्यांविषयी. ज्या समाजात पाणवठे जातीवर वाटलेले होते, जिथे पाण्यासाठी १९२७मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथे 'सर्वांचे झरे एकाच नगरात' ही ओळ निव्वळ काव्य राहत नाही. पाण्याची ओढ काय असते हे मराठवाड्याला ठाऊक आहे, आणि कोणाला कुठले पाणी मिळे हेही.

२८/ आजची वही कोणती? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. २०२२मध्ये केंद्राने या प्रश्नावर न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. समान संधीसाठी हा दर्जा द्यावा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद आहेत. ते इथे मांडण्याचा हेतू नाही.

२९/ पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट दिसते. अशा घरात माणसाचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिले जाते. चर्चच्या रजिस्टरात एक धर्म, शाळेच्या दाखल्यावर दुसरा. लोक त्याला सहज 'दुटप्पीपणा' म्हणतात. शंभर-दीडशे वर्षांच्या वह्या एकापुढे एक ठेवल्या की कळते, हा माणसाचा दोष म्हणण्यापेक्षा वह्यांच्या रकान्यांचा दोष आहे. प्रत्येक वही एकच जन्म मागते.

३०/ ८७व्या स्तोत्राचे मराठी माणसासाठी मोल मला इथे दिसते. तिथे राहाब राहाबच आहे, कूश कूशच आहे, आणि तरीही तो सियोनात जन्मलेला आहे. एक जन्म मिळवण्यासाठी दुसरा नाकारावा लागत नाही. शेषाद्रींचे पागोटे, रमाबाईंचे सोपे मराठी, टिळकांचे अभंग, ही तिन्ही याच एका वाक्याची भाष्ये आहेत.

३१/ याची उलट बाजूही मराठीतच आहे. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आला आणि १६१६मध्ये त्याचे 'ख्रिस्तपुराण' हे हजारो ओव्यांचे काव्य छापून आले. मराठीने त्याला परका ठेवले नाही. वाङ्मयाच्या इतिहासात त्याची नोंद आपल्याच कवींत होते. इस्राएलमधील बेने इस्राएल 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढत आले, तेही त्याच वहीत. भाषेची नोंदवही पुष्कळदा धर्म आणि जातीच्या वहीपेक्षा उदार असते.

३२/ वाचकांना एक विनंती. आपल्या घरी किंवा गावच्या चर्चमध्ये जुनी बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची रजिस्टरे असतील, तर ती वाळवीपासून जपा आणि जमल्यास छायाचित्रे काढून ठेवा. मराठवाड्यातील ख्रिस्ती आणि दलित इतिहासाची साधने फार थोडी उरली आहेत. ज्या माणसांना कोणत्याच बखरीत जागा मिळाली नाही, त्यांची नावे कदाचित त्या एका पानावरच आहेत.

३३/ कोणाचे नाव कुठे लिहायचे, हे ठरवणारे हात बदलत आले : तीर्थोपाध्याय, कोर्ट, मिशन, तहसील. स्तोत्राच्या कवीने ती लेखणी या सर्वांच्या हातून काढून घेतली आणि देवाच्या हाती दिली. श्रद्धा असो वा नसो, नोंद करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या हातातील लेखणीकडे एकदा पाहावे, एवढे तरी ते सांगते. धागा इथे पूर्ण. आपल्या भागातील माहिती असल्यास खाली अवश्य लिहा.